सासूबाईंच्या तबकड्या

रात्रभर बादलीत बुडवून ठेवलेले तीन तुकडे तिनं सकाळी बाहेर काढले आणि ओट्यावर ओळीनं मांडले. प्लायवूडचा तुकडा जड झाला होता, पण वाकला नव्हता. प्लास्टिकच्या तुकड्याला काहीच झालं नव्हतं. फक्त त्याच्यावर ओली माती धरत नव्हती, बोटानं ढकलली की घसरायची. तिसरा एमडीएफचा, भुशाच्या लगद्याचा. काल सगळ्यांत गुळगुळीत तोच होता. आज त्याची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. तिनं तो दिवसभर उन्हात ठेवला. वाळला, पण फुगवटा बसला नाही.

कुंभारचाकावर तबकडी बसवायची, भांडं तिच्यावरच घडवायचं आणि तबकडीसकट उचलून ठेवायचं, म्हणजे ओल्या भांड्याला हात लागत नाही. घरातल्या जुन्या तबकड्या वाकल्या होत्या. हे ती मागे एकदा बोलून गेली होती, आणि तेही सासूबाईंच्या शिकवणीला आलेल्या बायकांसमोर.

“नाचता येईना अंगण वाकडं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मग त्यांनी तिच्या ओल्या वाडग्यातून माती कापायची तार ओढून त्याची दोन शकलं केली आणि सगळ्यांपुढे धरली. “बघा. भिंत वर कागद, खाली वीट. कॉलेजात शिकलीय हो आमची सून.”

बायका हसल्या. तीही हसली.

घरात चाक एकच. सकाळी सासूबाईंचं, दुपारी शिकवणीचं. बाळ झोपलंय आणि चाकही मोकळं आहे असा योग आला, तरच तिला बसायला मिळे. आणि तेव्हाही एक कान बाळाच्या श्वासाकडे. सासूबाई मात्र त्याला एका हातावर तोलत घरभर फिरवायच्या. त्याला ‘गाडगं’ म्हणायच्या.

“आई, जपून हं.”

“अगं, अख्खा जन्म ओली माती उचलण्यात गेला माझा. एक भांडं पडलं नाही हातून. हे तर पक्कं भाजून आलंय.”

आणि खरोखर, त्या हातांवर बाळ कधी रडत नसे.

तिनं सुताराकडून तबकड्या कापून आणल्या. स्वतःसाठी प्लायवूडच्या, सासूबाईंसाठी एमडीएफच्या. सगळ्यांना वरून, खालून, कडेनं व्हार्निशचे हात दिले. चाकाच्या दोन खुंट्या ज्यांत बसतात ती भोकं प्लायवूडची आतूनही नीट माखली. एमडीएफची कोरडीच ठेवली. मग ब्रश धुतला, बाळाला भरवलं, त्याची नखं कापली.

“आई, या तुमच्या. गुळगुळीत आहेत, बोटात कुसळ जाणार नाही.”

सासूबाईंनी तबकडीवरून तळवा फिरवला. “जमतं की तुला काहीतरी,” म्हणाल्या. या घरात आल्यापासून एवढं तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

सासूबाई त्यांच्यावर भांडी घडवू लागल्या, तसं चाकावरचं पाणी हळूहळू भोकांतून आत शिरलं. वरून काही दिसत नव्हतं. खाली भोकांभोवती केसभर फुगवटा आला आणि तबकडी चाकावर तेवढीच कलती बसू लागली. मातीचा गोळा मधोमध येईना. आला असं वाटलं, की भांड्याचा काठ डोलायचा. सासूबाईंनी कोपर मांडीला घट्ट टेकवलं, श्वास धरला. काठ डोलला. गोळा काढून नवा घेतला. तोही डोलला. बायका बघत होत्या. ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती.

“बाई, तबकडी हलतेय का हो?” एकीनं भीत भीत विचारलं.

“अंगणाला नावं ठेवणाऱ्यातली नाही मी,” सासूबाई म्हणाल्या. “तबकडी नवी आहे. हात जुने झालेत.”

त्यांनी स्वतःच भांड्यातून तार ओढली. दोन शकलं बघितली. कोणाला दाखवली नाहीत.

काही दिवसांनी शिकवणी बंद झाली. शेवटची बाई गेल्यावर सासूबाईंनी हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि चाकापासून दूर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

“उद्यापासून चाक तू घे.”

तिनं मान हलवली. उद्या कशाला, तिला आत्ताच बसायचं होतं. कडेवरचं बाळ आजीला बघून सगळं अंग झोकत पुढे झेपावलं. ती त्याला द्यायला वाकली.

सासूबाईंनी दोन्ही हात मांडीवरच्या फडक्यात गुंडाळले.

“नको. माझ्याकडे नको देऊ.”

“का हो, आई?”

“काल याला उचलताना माझी मलाच भीती वाटली. या हातांचा भरवसा नाही आता. तूच म्हणायचीस ना, जपून.”

बाळानं पुन्हा हात पसरले. मग ओठ काढला, मग रडायला लागलं. सासूबाई त्याच्याशी लांबूनच बोलत राहिल्या. “काय रे गाडग्या, काय झालं?” हात फडक्यातच होते.

बाळाला थोपटत तिनं चाकाकडे पाहिलं. जवळच सासूबाईंच्या तबकड्या पालथ्या पडल्या होत्या. तिनं तोंड उघडलं.

“चहा टाकू, आई?”

“टाक. अर्धाच कप दे. सांडेल.”

तिनं बाळाला कडेवर घेऊनच चहा केला आणि अर्धा कप आणून दिला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. चहावर तरंगसुद्धा उठला नाही. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या बाळाकडे बघत होत्या.