दुसरा हातमोजा

नॉर्वेची तिकिटं काढून झाल्यावर गिरिजाने शुभ्राला सांगितलं. तेही दुबईतल्या अल बर्शाच्या मॉलमध्ये, कॉफीच्या रांगेत उभं असताना, सहज बोलावं तसं.

"मी आणि वैभवी मार्चमध्ये नॉर्वेला चाललोय. कोल्ड वॉटर डाइव्हिंग. आयुष्यात एकदा करायचंच होतं बघ."

"अरे वा!" शुभ्रा म्हणाली. मग कॉफीत साखर घालायची विसरली आणि तशीच कडू पिऊन टाकली.

गिरिजाला समुद्रात उतरवलं होतं ते शुभ्रानेच. नवऱ्याच्या नोकरीपायी शुभ्रा काही वर्षं स्कॉटलंडमध्ये राहिली होती आणि डाइव्हिंग तिथल्या बर्फगार तळ्यांत शिकली होती. दुबईत आल्यावर शेजारच्या बिल्डिंगमधली गिरिजा भेटली. तिला तेव्हा धड पोहताही येत नव्हतं. शुभ्राने तिला आधी पोहायला शिकवलं, मग डाइव्हिंग क्लबात नाव घालायला लावलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दोघी डोंगर ओलांडून फुजैराच्या किनाऱ्याला जायच्या. पाण्याखाली एकमेकींवर नजर ठेवायला जोडीदारीण लागते. तिला सगळे बडी म्हणतात. शुभ्राची बडी गिरिजा, गिरिजाची शुभ्रा, यात विचारण्यासारखं काही आहे असं शुभ्राला कधी वाटलंच नव्हतं.

आणि ही वैभवी, गेल्या वर्षी पुण्याहून गिरिजाच्या ऑफिसात आलेली! थंड पाण्याचा अनुभव आहे कुणाला, आणि बरोबर नेतात कुणाला! शुभ्रा घरी जाऊन भांडी आदळत राहिली.

फेब्रुवारीत गिरिजाचा फोन आला. "आम्ही शनिवारी ड्रायसूटची प्रॅक्टिस करणार आहोत. तू येशील किनाऱ्यावर? तुझी नजर असली की बरं वाटतं."

नाही म्हणायचं तिने मनाशी घोकून ठेवलं होतं. तोंडातून मात्र "येते की" निघालं.

समुद्र त्या दिवशी त्याच्या मानाने थंड होता, पण उन्हात ड्रायसूट चढवायचा म्हणजे घामाची आंघोळच. पाणी आत येऊ न देणारा जाड पोशाख, त्याच्या आत लोकरीचे कपडे. शुभ्रा खडकावर थर्मास घेऊन बसली आणि दोघींना बघत राहिली.

खरी कसोटी हातमोज्यांची. आत लोकरीचा, वर रबराचा, आणि तो मनगटावरच्या कड्यात खटकन बसवायचा. पहिला आपला आपल्याला घालता येतो. दुसरा येत नाही, कारण तोवर एका हाताची बोटं केळ्यांसारखी जाड झालेली असतात. तो बडीने घालायचा. गिरिजाने वैभवीचा हात मांडीवर घेतला. कासार बांगड्या भरताना धरतो तसं मनगट हलकेच दाबलं, लोकरीचा धागा कड्यात अडकू नये म्हणून फिरवून फिरवून पाहिलं आणि मोजा बसवला. वैभवी कसल्यातरी गोष्टीवर खळखळून हसली. गिरिजाही.

शुभ्राने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण बरोबर, पण असा हात कधी हातात घ्यावा लागला नाही. इथल्या पाण्यात मोजे लागतच नाहीत.

"मनगटातली हवेची नळी घातलीस का?" ती खडकावरून ओरडली.

"हो गं बाई, घातली!" गिरिजा म्हणाली. "यल्ला, चल वैभवी."

दोघींची डोकी पाण्याखाली गेली. शुभ्रा वर येणारे बुडबुडे बघत बसली. दोन धारा सुरुवातीला वेगळ्या होत्या, मग इतक्या जवळ आल्या की कुठली कुणाची ते कळेना. तिने थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं.

बुडबुडे फार दूर गेलेच नाहीत. दोघी लवकर वर आल्या. गिरिजा कानावर हात दाबून, तोंड वाकडं करून चालत होती.

"काय झालं?"

"कान... खाली जाताना नाक चिमटीत धरून कानांकडे हवा लोटायची ना, पण या मोज्यांत नाकच सापडेना. दुखायला लागलं तरी जात राहिले."

"थांबायचं नाही का? पहिलाच धडा आहे तो!"

"तू वरून बघत होतीस," गिरिजा चिडून म्हणाली. "म्हटलं, ही म्हणेल, एवढंही जमलं नाही."

गिरिजाच्या कानात सुं सुं आवाज येत होता. आज तिने पुन्हा पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. वैभवीचा चेहरा पडला. तिचा सराव अर्धाच राहिला होता.

"शुभ्राताई, तुम्ही याल माझ्याबरोबर? तुमची दोघींची उंची सेमच आहे, गिरिजाचा सूट बसेल."

शुभ्राने गिरिजाकडे पाहिलं. "जा की," गिरिजा म्हणाली. "इथवर आलीच आहेस."

या वेळी शुभ्राचा हात वैभवीने मांडीवर घेतला. मुलगी हळू पण नीट काम करत होती, दोनदा विचारून खात्री करत होती. पलीकडे खडकावर गिरिजा टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. इतकं ठरवून बघत नव्हती, की शुभ्राला ते न बघणं चांगलंच ओळखीचं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. थोडं नव्हे, चांगलं वाटलं.

पाण्याखाली दोघी खडकाच्या कडेने खाली गेल्या. जरा खोलावर वैभवीने डावा हात पुढे केला आणि डोळे मोठे केले. खोलीच्या दाबाने मोजा हाताला शोषल्यासारखा घट्ट चिकटला होता आणि बोटं वळत नव्हती. बाहीतली हवा मोज्यात जावी म्हणून मनगटाच्या रबराखाली जी बारीक नळी ठेवतात, ती सरकली असणार. वैभवी बोटं छातीवरच्या, सूटमध्ये हवा भरायच्या बटणाकडे नेत होती आणि बटण दाबलं जात नव्हतं. ती संथपणे खाली चालली होती, आणि तिचा श्वास वाढला होता.

शुभ्राने तिचा खांदा धरला. स्वतःच्या बोटाने तिचं बटण दाबलं आणि तिला खडकाला टेकवून थांबवलं. मग आपला हात डोक्यावर नेऊन मनगट वाकवून दाखवलं. असं कर. वैभवीने तसंच केलं. वाकलेल्या मनगटाशी रबर जरासं उचललं गेलं, बाहीतली हवा वर सरकली आणि मोजा पुरीसारखा टम्म फुगला. वैभवीने बोटं उघडली, मिटली, आणि मुखवट्याआड तिचे डोळे हसले. पुढचा सगळा वेळ ती शुभ्राच्या खांद्याला खांदा लावून पोहली.

किनाऱ्यावर येताच तिला किती सांगू आणि किती नको असं झालं. "गिरिजा, अगं काय झालं माहितीये? शुभ्राताईंनी असं केलं ना..."

"बराच वेळ खाली होतात," गिरिजा म्हणाली. "ऊन किती झालंय. निघूया."

परतीच्या वाटेवर गाडीत गिरिजा कानावर टॉवेल धरून खिडकीबाहेर बघत बसली.

डॉक्टरांनी तिला दोन महिने पाणी बंद सांगितलं. नॉर्वे गेलं. त्याच आठवड्यात वैभवीचा फोन आला. "शुभ्राताई, तिकिटावरचं नाव बदलता येतंय. तुम्ही चला ना गिरिजाच्या जागी. प्लीज."

जे मागायची लाज वाटत होती ते असं आयतं ताटात आलं. शुभ्रा हो म्हणणारच होती. पण त्याआधी ती गिरिजाकडे गेली.

गिरिजा कानात कापूस घालून भाजी निवडत होती. "जा," ती मान वर न करता म्हणाली. "तुला हवंच होतं."

"हवं होतं. तुझ्याबरोबर हवं होतं. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." गिरिजाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "खरं सांगू? तुझ्याबरोबर मी कायम मागे असते. दिशा तू ठरवतेस, मासा आधी तुला दिसतो, वर कधी यायचं तेही तूच सांगतेस. आजवर मी पाण्यात जे काही बघितलं, ते तुझ्या पायातल्या फिन्सच्या मागून. वैभवीला माझ्याहून कमी येतं. तिच्याबरोबर मी पुढे असते. मला एकदा पुढे राहून बघायचं होतं, एवढंच."

शुभ्राला राग आला. शिकवलं कुणी, असं विचारावंसं वाटलं. मग आठवलं, की कुठे उतरायचं हे तिने गिरिजाला कधी विचारलंच नव्हतं.

"मग हे आधी बोलायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

शुभ्रा भाजी निवडायला बसली. निघताना तिने वैभवीला तिथूनच फोन लावला. "तिकिटं पुढे ढकलता येतात का बघ. तुझी बडी बरी झाली की जा दोघी. आणि तोवर मोजे घालून नाक धरायची तिला प्रॅक्टिस दे. मी नाही येत."

गिरिजा दारापर्यंत सोडायला आली.

ही उदारता शुभ्राला पचली असं मात्र कुणी समजू नये. गिरिजा आणि वैभवीने ऑक्टोबरची तारीख धरली, तेव्हा ती पुन्हा दिवसभर फणफणत होती. गिरिजाच्या फोनवर वैभवीचं नाव चमकलं की आजही तिची मान आपोआप तिकडे वळते.

कान बरा झाल्यावर, मेच्या सुरुवातीला, शुभ्रा आणि गिरिजा पुन्हा फुजैराला गेल्या. पाणी कोमट होतं, मोज्यांचं कामच नव्हतं. "आज तू पुढे," शुभ्रा म्हणाली. गिरिजाने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि पाण्यात शिरली.

मागे राहणं फार अवघड निघालं. गिरिजा भलत्याच बाजूला वळली. तिच्या फिन्सनी वाळू उडाली आणि शुभ्राला पुढचं काही दिसेना. डावीकडच्या कपारीत एक मोठं कासव झोपलं होतं आणि गिरिजा त्याच्यावरून सरळ पुढे निघून गेली. तिला थांबवायला शुभ्राचा हात उचलला गेला. तिने तो कसाबसा खाली घेतला, कासवाला एकटीनेच डोळे भरून पाहिलं आणि पुढच्या गढूळ पाण्यात गिरिजाच्या मागे निघाली.