पाखरांच्या लग्नातलं वऱ्हाड

चोवीस जानेवारीच्या संध्याकाळी हान्काने बोरीवलीच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर रिकामी ताटली ठेवली. पाच वर्षांच्या लेकीला, उत्तराला, कुशीत घेऊन ती आपल्या भाषेत म्हणाली, ‘‘उद्या पाखरांचं लग्न. थंडीत दाणे घातलेस ना, म्हणून तुला खाऊ ठेवून जातील.’’

‘‘बरं,’’ उत्तरा मराठीत म्हणाली.

हान्का पूर्व जर्मनीतली, पण जर्मन नव्हे, सोर्ब. मूठभर माणसं ती. कारखान्यात जर्मन, दुकानात जर्मन, चुलीपाशी तेवढी सोर्बी. विद्याधर तिकडे यंत्रं शिकायला गेला आणि तिला लग्न करून घेऊन आला. इथे ती भाषा मायलेकींपुरतीच उरली, आणि शाळा सुरू झाल्यापासून लेक तीही बोलेना. हान्काला वाटायचं, ही गप्प झाली तर बोलायचं कोणाशी?

पहाटे, हान्काने ताटलीत खाऊ ठेवायच्या आधीच, सासूबाई, जानकी, उठल्या आणि ताटली बघून चरकल्या. त्या मालवणकडच्या, नुकत्याच इथे राहायला आलेल्या. खिडकीत पाखरांसाठी पान ठेवायचं ते गेलेल्या माणसाचं! त्यांनी ताटली घासून फळीवर पालथी घातली.

उत्तराने उठल्या उठल्या भोकाड पसरलं. ‘‘पाखरांनी ताटलीपण नेली! त्यांना आईची भाषा कळतच नाही!’’

‘‘गो हान्का, कोणाचां पान वाढलेलंस?’’

‘‘पान नाही, आई. लग्न. नवरा डोमकावळा. नवरी काळी-पांढरी.’’

‘‘म्हणजे आमची दयाळ! घरात लगीन, आणि माका पत्तो नाय?’’ जानकीबाईंनी डब्यातला खाजा ताटलीत ओतला. ‘‘रडू नको गो बाय. पाखरां माझ्याकडे देऊन गेली. मीच मेली विसरलंय.’’

मग नातीला मांडीवर घेऊन त्यांनी नवरीकडून सूर लावला:

‘‘काळो गो न्हवरो लांबसून इलो,
आमच्या दयाळीक बघून भुललो!’’

आणि सुनेकडे हनुवटी उडवली. ‘‘न्हवरो तुमचो ना? मग गा!’’

हान्काने गळा साफ केला. दरसाल उत्तराला म्हणून दाखवायची ते लग्नाचं गाणं. पण आवाज ओठांतच राहिला.

‘‘एवढांच? न्हवऱ्याकडची मुकी की काय गो?’’

उत्तराला ते सहन झालं नाही. मांडीवरून घसरून ती आईशेजारी जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि तेच गाणं सोर्बीत ठणकावून म्हणू लागली. अर्धे शब्द चुकले, ते तसेच रेटले. हान्का साथ द्यायची विसरूनच गेली.

‘‘हळू गो,’’ जानकीबाई खिडकीकडे बघून म्हणाल्या, ‘‘न्हवरो पळान जायत!’’

उत्तराने आवाज आणखी चढवला.