गोलकीपरची हाक

झेल्याचे हात पाहून त्याचा सासरा म्हणायचा, "हे हात नव्हेत, सुपं आहेत सुपं!" त्या सुपांनी तो आठवडाभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा आणि रविवारी गोदी कामगारांच्या संघाचा गोल राखायचा. गल्लीतली पोरं बॉल मारून काचा फोडायची आणि त्या बसवायला हाच जायचा. शेजारी म्हणायचे, "याचं बरं आहे, दोन्हीकडून चालू."

त्याची बायको काजं करायची. शिंप्याच्या दुकानातून कोटांचा गठ्ठा घरी यायचा आणि ती खिडकीशी बसून एकेक काज घालायची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण लग्नानंतर एक गोष्ट पक्की कळली होती. बॉल गोलसमोर उंच आला की गोलकीपर "माझा!" म्हणून ओरडतो, आणि ओरडला की गोलपुढे बचावाला उभ्या असलेल्या आपल्या बॅकने मुकाट बाजूला व्हायचं. बापाचं ऐकलं नाही तरी चालेल, पण हे ऐकायचंच. त्यांचा बॅक ठोंब्या एकदा झाला नाही बाजूला. दोघांची डोकी आपटली आणि ठोंब्याचे पुढचे दोन दात मैदानातच राहिले. मग संघाच्या मास्तरांनी त्याच्याकडून एवढा एकच धडा घोटून घेतला. शेवटी अशी गत झाली, की रस्त्यात एखादं पोर पतंगाकडे बघून "माझा!" म्हणालं तरी ठोंब्या दचकून कडेला व्हायचा.

झेल्याची घरीही तीच खोड. पावाचा शेवटचा तुकडा? "माझा!" उन्हातला कोपरा? "माझा!" ती हसायची. पुढे लढाई सुरू झाली. त्याला अजून बोलावणंही आलं नव्हतं, तरी एके दिवशी तो आपणहून नाव देऊन आला. गोल सोडून पुढे धावणारा माणूस तो, घरी कसला बसतो! सोबत ठोंब्यानेही नाव दिलं. जिथे झेल्या तिथे ठोंब्या, हे काही नवीन नव्हतं.

त्या दिवशी मात्र ती हसली नाही. "दिसेल त्याला 'माझा' म्हणत सुटतोस," ती म्हणाली. "मी कोणाची, ते सांग आणि मग खुशाल जा."

खरं तर एका शब्दाचं काम होतं. पण दार उघडं होतं, बाहेर मित्र उभे होते, आणि चारचौघांत असलं बोलायला त्याला लाज वाटली. "आल्यावर सांगतो," म्हणाला आणि गेला.

तो आला नाही. वर्दीतला एक माणूस आला, दारातच उभा राहून बोलला, आणि तिने दिलेलं पाणी न पिताच गेला. त्यानंतर घरात आवाज असा सुईचाच. दुकानातून आता लष्करी कोटांचे गठ्ठे यायचे. जाड कापडाने बोटं सोलवटायची. लोक तिला शूराची बायको म्हणायचे आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून निघून जायचे.

हिवाळा सरता सरता ठोंब्या परत आला. एक पाय ओढत चालत होता. जिना चढून तो खुर्चीच्या कडेवर टेकला. तिने चहा ठेवला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "भाऊजी, शेवटी काही म्हणाला का हो?"

"म्हणाला ना." उत्तर तयारच होतं त्याचं. "'माझी' म्हणाला. तेवढंच. पुढचं ऐकू नाही आलं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच अशी रडली, आणि तेही आनंदाने. शब्द दिला होता, तो पाळला मेल्याने! तिने डोळे पुसले आणि हातात कोट घेतला, कारण काम हातात असलं की तिला नीट ऐकता यायचं. "आता सगळं सांगा. अगदी सगळं."

"आम्ही चौघं खंदकात होतो, वहिनी. हातबॉम्ब येऊन पडला तो माझ्याच पायाशी. मी लाथ मारणारच होतो बघा, उचललाच होता पाय. तेवढ्यात मागून हा ओरडला, आणि मी आपोआप बाजूला झालो. काही कळायच्या आत झालो. मग हा माझ्या अंगावरून गेला आणि…"

तो थांबला. तिची सुई त्याच्या आधीच थांबली होती.

'माझी' ऐकून ठोंब्या कशाला बाजूला होईल?

तो खाली मान घालून बसला होता. आपल्या तोंडून काय निसटलं, याचा त्याला पत्ताच नव्हता. गप्प राहणं किती सोपं होतं! 'माझी' हा शब्द ती जन्मभर पुरवून पुरवून वापरू शकली असती. तिने हातातलं काज पुरं केलं आणि दोरा तोडला.

"भाऊजी, 'माझा' म्हणाला ना तो?"

ठोंब्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने तोंड हातांत लपवलं. "तुमचं त्या दिवशीचं बोलणं त्यानं मला सांगितलं होतं, वहिनी. 'उत्तर द्यायचं राहिलंय' म्हणायचा. म्हटलं, निदान तेवढं तरी… बॉम्ब माझा होता हो. माझ्या पायाशी होता. मी का सरलो?"

"त्या हाकेला सरायचंच असतं. नसता सरलात तर पुन्हा डोकी आपटली असती आणि तुम्ही दोघंही गेला असतात."

बराच वेळ तो हुंदके देत राहिला. मग नाक पुसत म्हणाला, "कळलं होतं तर बोलायचं नाही ना. ठेवून घ्यायचं होतं माझं खोटं."

"घेतलं असतं हो. मला फार हवं होतं ते. पण मग खरं तुमच्या एकट्याच्या गळ्यात राहिलं असतं."

गार झालेला चहा त्याने एका दमात संपवला. जाताना जिन्यावर त्याचा पाय वाजत होता, पण येताना होती त्याहून चाल मोकळी होती. ती ऐकत राहिली. खाली दार लागलं.

तिने पुढचा कोट ओढला. उजेड होता तोवर दोन काजं उरकली असती. सुईत दोरा ओवला जाईना, तेव्हा तिने सुई कापडात खोचून ठेवली. ती कोणाची, हे सांगणारा एकच माणूस घरी येऊन गेला होता, आणि त्याला तिने आपणच खोटं पाडलं होतं.