झेनॉनच्या उरलेल्या जोड्या

मोहियोद्दीन सरांनी आवडाला शून्य दिलं, तेव्हा त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गोष्ट १९७४ सालची. औरंगाबादच्या एका कॉलेजात सर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवत. त्यांचं स्वतःचं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं. अणूला तिथं जौहर म्हणत, रेणूला सालमा. शेवटच्या वर्षाला पोलीस अॅक्शन झाली, निजामाच्या राज्याबरोबर उर्दू माध्यमही गेलं आणि शिकलेलं सगळं इंग्रजीत पुन्हा शिकावं लागलं. नोकरी लागल्यावर तेच मराठीत समजावून सांगायची वेळ आली. तिन्ही भाषांत एक गोष्ट मात्र पक्की होती: झेनॉन हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो कुणाशीच जुळत नाही. आणि नव्या पुस्तकात त्याच झेनॉनला चार फ्लोरीन चिकटलेले! त्याची आकृती मात्र दिलेली नव्हती, आकार स्वाध्यायात विचारलेला.

धडा रेणूंच्या आकारांचा होता. मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात, त्या एकमेकींना ढकलतात आणि होता होईल तेवढ्या लांब राहतात, त्यावरून रेणूचा आकार ठरतो. सरांनी आधी मिथेन शिकवला. त्यात चार हायड्रोजन, म्हणून चार दिशांना चार कोपरे, तिवईवर शेंडा ठेवावा तसे. झेनॉनलाही चारच फ्लोरीन, तेव्हा आकार तोच, असं त्यांनी सांगितलं. वर्गानं वहीत उतरवलं, चाचणीत जसंच्या तसं काढलं. एकट्या आवडानं सपाट चौकोन काढला.

आवडा वेरूळहून रोज एस.टी.नं यायची. पेपर हातात पडल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, गुण नकोत मला. माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा."

"बेटी, चार बंध, चार कोपरे. मिथेन आठव."

"व्हय सर. पण मिथेनमधल्या कार्बनजवळ काही उरत नाय. झेनॉनजवळ बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन. चार फ्लोरीनला एकेक दिला, तरी चार उरले. म्हणजे दोन जोड्या. त्या गेल्या कुठं?"

सरांनी पेपर पुन्हा हातात घेतला. समासात तिनं आठातून चार वजा केले होते.

"पण त्या जोड्या कुणाला धरून नाहीत," ते म्हणाले. "नुसत्या आहेत."

"नुसत्या असल्या तरी जागा लागंलच ना, सर?"

सर म्हणाले, "उद्या बघू." वर्गातल्या प्रश्नाला 'उद्या' म्हणायची त्यांच्यावर बऱ्याच वर्षांत वेळ आली नव्हती.

घरी अख्तरीबी, त्यांची बायको, कणीक मळत होती. सरांनी परातीतून एक गोळा उचलला आणि खराट्याच्या सहा काड्या मोडून आणल्या.

"ये क्या कर रहे जी?"

"सालमा बना रहा हूँ," सर म्हणाले.

चार बंध आणि दोन उरलेल्या, अशा सहा जोड्या. एक काडी वर, एक खाली, चार चारी बाजूंना. इथवर ठीक जमलं. पण यांतल्या रिकाम्या दोन कोणत्या? शेजारशेजारच्या धरल्या तर एक वाकडातिकडा आकार येत होता, समोरासमोरच्या धरल्या तर आवडाचा चौकोन. सरांना दोन्ही खरे वाटले. मग दोन्ही खोटे वाटायला लागले. कणीक वाळून तडकली, तरी ते काड्या काढत-घालत बसले होते. आपण हे पंचवीस वर्षं शिकवतोय की नुसतं म्हणून दाखवतोय, हेच त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं आणि विद्यापीठातून शिकून नुकताच कॉलेजात शिकवायला लागलेल्या बद्रीनाथला गाठलं. "बद्रीनाथ, झेनॉन टेट्राफ्लोराइडचा आकार?"

"सपाट चौकोन, सर," तो तत्काळ म्हणाला.

"का?"

बद्रीनाथ गडबडला. "का म्हणजे... पाठ आहे, सर. एम.एस्सी.ला विचारतात. का ते कुणी विचारलं नाही कधी."

मग सरांनी आवडालाच प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर शाडूचा गोळा आणि काड्या ठेवल्या. आवडानं दोन काड्यांना तांबडा दोरा गुंडाळला.

"या उरलेल्या, सर. त्यांना बांधून ठेवणारं पलीकडं कुणी नाय. म्हणून त्या ऐसपैस पसरतात, आणि सगळ्यात जास्त ढकलतात."

"म्हणजे या दोघींना एकमेकींपासून सगळ्यात लांब ठेवायचं," सर हळूहळू म्हणाले. त्यांनी एक तांबडी काडी वर खोचली, दुसरी बरोबर खाली. मधे चार फ्लोरीनचा सपाट चौकोन राहिला. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

त्याच दुपारी ते वर्गात उभे राहिले. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आवडाचं उत्तर बरोबर आहे, तिला पूर्ण गुण. बाकीच्यांचे गुण मी कापणार नाही. चूक तुमची नाही, माझी आहे."

वर्गात कुजबूज झाली. मागच्या बाकावरचा सांडू उठला. "सर, मग पुस्तकातलं अजून जे तुम्ही शिकवलंय, त्यातलं खरं कोणतं धरायचं?"

"मोजून बघ, आणि मग धर," सर म्हणाले. त्यांनी आवडाला फळ्याजवळ बोलावलं. "पुढचा रेणू तू काढ. क्लोरीनला तीन फ्लोरीन."

आवडानं मोजलं. क्लोरीनजवळ सात इलेक्ट्रॉन, तीन दिले, चार उरले: तीन बंध, दोन उरलेल्या जोड्या, एकूण पाच. उरलेल्यांपैकी एक वर, एक खाली. मधे तीन फ्लोरीनचा सपाट त्रिकोण. तिनं तो ठळक काढला. सरांनी मान डोलावली आणि खात्रीसाठी पुस्तक उघडलं.

पुस्तकात इंग्रजी टी या अक्षरासारखा आकार होता. उरलेल्या दोन्ही जोड्या वर-खाली नव्हत्याच, मधल्या त्रिकोणातच बसल्या होत्या.

"असं कसं, सर? एकमेकींपासून लांब ठेवायचं ठरलं ना आपलं?"

"ठरलं होतं खरं." सरांनी फळ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आणि आवडालाही.

"सांडू, जरा बद्रीनाथ सरांना बोलावून आण," ते म्हणाले. "आणि येताना शाडू घेऊन ये, बाबा. लई लागणार आहे."