चालकाच्या जागेवरचे चार सेकंद

मी एका गाडीचं स्टिअरिंग बोलतोय. बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या. आमची गाडी आपली आपण चालते. मला फिरवायला माणूस लागत नाही. तरीही सध्या एका माणसाचं लायसन्स माझ्यापायी अडकलं आहे, आणि नेमकं काय घडलं ते मलाच धड कळत नाही.

कारखान्यात माझ्यावर कातडं शिवणाऱ्या बाईने तेव्हाच विचारलं होतं, "स्वतः चालणाऱ्या गाडीला हे कशाला?"

"अगं, माणसाला धरायला काहीतरी नको का?" शेजारचा म्हणाला. ती हसली आणि तिने शेवटचा टाका घातला.

गाडी घेतली एका नोकरदार मुलीने. ती माझ्यासमोर बसून केस विंचरायची, फोनवर मैत्रिणीशी भांडायची, भाजीची पिशवी मला अडकवायची. मी पिशवीसकट वळायचो. बरं चाललं होतं.

तिचे वडील अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवतात. मुलं त्यांना बसकाका म्हणतात. मागच्या शनिवारी दुपारी त्यांच्या एका जोडीदार बसचालकाचा निरोपसमारंभ होता. काका दारू क्वचितच घेतात, आणि घेतली की गाडी चालवत नाहीत. म्हणून लेकीने आमची गाडी पाठवली. "बाबा, मागे बसा आणि खुशाल झोपा," असं दोनदा बजावलं.

काका आले ते पुढचं दार उघडून सरळ माझ्यासमोर बसले. मागे बसणं त्यांच्या हाडातच नाही. पट्टा लावला, आरसा नीट केला, हात मांडीवर ठेवले. गाडी निघाली.

काकांच्या शाळेपाशी एक अवघड वळण आहे. मी वळायला लागलो आणि काकांचे दोन्ही हात उठून माझ्यावर आले. उबदार, खरखरीत. वळण संपलं तसे हात पुन्हा मांडीवर गेले.

पुढच्याच चौकात पोलिसांनी थांबवलं. काकांना मशीनमध्ये फुंकायला लावलं. दारू दिसायची ती दिसली.

"गाडी कोण चालवत होतं?" पोलीस मॅडमनी विचारलं.

"गाडीच."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"बसलोय."

"मागे जागा नव्हती?"

मॅडमनी गाडीतली नोंद पाहिली. "स्टिअरिंगवर हात आहेत. चार सेकंद. नियम असा आहे काका, गाडी ज्याच्या ताब्यात, तो चालक."

"पण मॅडम, हात ठेवला म्हणजे ताबा होतो का?" त्यांच्याच शिपायाने विचारलं.

मॅडमनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ते सुनावणीत ठरेल." लायसन्स मात्र ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक गाडीतच बोलत बसले.

"बाबा, एवढंच सांगा, नुसते हात ठेवले होते. वळवली नाही."

"आणि वळवली असेल तर?"

"वळवलीत का?"

"कसं सांगू? मला तर वाटलं, मीच वळवली. इतकी वर्षं तिथे मीच वळवतोय."

"अहो, असं बोललात तर हातची बस जाईल!"

"मग काय, खोटं बोलू?"

"खोटं कुठे? तुम्हालाच माहीत नाही ना!"

"मग तेच सांगतो. माहीत नाही."

लेकीने कपाळ माझ्यावर टेकवलं. हॉर्न वाजला, दोघंही दचकली.

मी तरी काय सांगू? वळत मीच होतो. पण ते हात आल्यावर जरा हलकं वाटलं, जड पिशवीचा दुसरा बंद कुणी धरावा तसं. याला वळवणं म्हणायचं की सोबत?

उद्या सुनावणी आहे. काका आता मागे बसतात. ते वळण आलं की बोटं एकमेकांत घट्ट अडकवतात.

एक गोष्ट नोंदीत नाही. हात ठेवण्याआधी काकांनी मान वळवून शाळेच्या फाटकाकडे पाहिलं होतं, एखादं पोर रस्त्यात येत नाही ना म्हणून. शाळेला सुट्टी होती. फाटकाला कुलूप होतं.

हे सांगितलं तर काका सुटतील, की तेच चालक होते असं ठरेल? मला खरंच कळत नाही. तुम्हीच सांगा, बोलू का?