दोरीवरचं महायुद्ध

कपाळ माझं! युद्ध मी मांडलं होतं खेळासाठी, आणि त्यावरून माझी सख्खी ताई पोटातल्या बाळाचा निकाल लावायला निघाली.

आधी खेळ सांगतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. रविवारी सुट्टी, तेव्हा आम्ही चौघं मित्र टेबलाभोवती बसतो, एकेक पात्र घेतो, त्याच्याच तोंडून बोलतो आणि अडलं की फासे टाकतो. सूत्रधार मी. यंदा ठरलं, पुढचं महायुद्ध खेळायचं. मग पुढच्या बारा वर्षांचा त्याचा इतिहास रचणार कोण? अर्थात मीच. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लटकवली. नियम एकच: आधीच्या कार्डात कारण सापडल्याशिवाय नवं कार्ड लावायचं नाही. पाण्यावरून भांडण, म्हणून धरणावर हल्ला, म्हणून वीज गेली, म्हणून बंदर बंद. अशी दोनशे चौदा कार्डं झाली.

एका दुपारी ताई आली. सोळा वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स आहे ती. चप्पल काढता काढता म्हणाली, "मला दिवस गेलेत. उद्या अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. ठेवायचं नाहीये."

"आणि दाजी?"

"ते म्हणतात, तू म्हणशील तसं."

"मग नको का म्हणतेस?"

तिनं दोरीकडे बोट दाखवलं. "मागच्या रविवारी हे सगळं वाचलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

मला हसूच आलं. "अगं, खोटं आहे ते!"

"मग खोटं कार्ड कुठलं ते दाखव. एकच दाखव."

हात्तिच्या, त्यात काय! पहिल्या कार्डापासून निघालो. धरण? होऊ शकतं. वीज? जाऊ शकते. प्रत्येक कार्डामागे मीच कारण ठोकून बसवलेलं, आता ते हलेना. सहाव्या वर्षापाशी मला घाम फुटला. उलटा चालत आलो, तर आधी काय आणि मागून काय तेच कळेना. वीज गेली म्हणून बंदर बंद, की बंदर बंद म्हणून वीज? हे मी रचलं होतं की कुठून ऐकलं होतं? डोकं भणभणायला लागलं. ताईचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

"पाचव्या वर्षी शाळा बंद," ती म्हणाली. "माझं तेव्हा चार वर्षांचं असेल."

"आणि तू कुठे असशील?" मी चिडून विचारलं.

"मी कुठे असणार? वॉर्डात."

"बॉम्ब पडताना?"

"गाढवा, बॉम्ब पडतात म्हणून बाळंतपणं थांबतात होय? मागे ते मोठं वादळ आलं, तेव्हा चार दिवस वीज नव्हती. टॉर्च धरून सात केली आम्ही. सातही धडधाकट! एक पोर तर असं भोकाड पसरून रडलं, की सगळा मजला..."

बोलता बोलता तिची नजर दोरीकडे गेली.

मीही तिकडे बघितलं. मेलेल्यांचे आकडे जागोजागी होते, लाखांत, कोटींत. दोनशे चौदा कार्डांत, बारा वर्षांत, एकही मूल जन्माला आलं नव्हतं. आम्हा चौघांतल्या एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

"ताई," मी म्हणालो, "यात मुलं जन्माला घालायला मी विसरलोच गं."

ती मटकन खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. माझ्यामुळे रडतेय की सुटली म्हणून रडतेय?

"पाणी आणू?"

तिनं मान हलवून नको म्हटलं. पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात कोंबला. "तू बोल. मला जमणार नाही."

"काय बोलू?"

तिनं एक हात पोटावर ठेवला. पलीकडून दवाखान्यातल्या बाई दोनदा हॅलो म्हणाल्या. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "उद्या अकराची वेळ आहे ना, ती... ती नको आम्हाला."