दुधात गेलेली साखर

"थांबा तिथंच! गोठ्यात पाय टाकू नगा," विजयसिंह ओरडला.

अस्मिता जनावरांच्या डॉक्टर. महिन्यापूर्वी कसबा बावड्यातल्या या गल्लीत गुरांना होणाऱ्या लम्पी रोगाची लस त्यांनीच टोचली होती. आता विजयसिंहची गाय चांदणी अंगभर गाठी घेऊन आडवी पडली होती, आणि त्यानं व्हिडिओ काढत मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला होता.

"बघा! हिच्या लशीनं माझी गाय घालवली!"

"त्याच बाटल्यांतली लस गल्लीतल्या चाळीस जनावरांना दिलीय. ती चरतायत," असं म्हणून अस्मिता त्याला वळसा घालून आत शिरल्या. चांदणीच्या लघवीत बुडवलेली तपासणीची पट्टी जांभळी झाली, म्हणजे अंगातली चरबी जळत होती. "व्यायल्याला किती दिवस झाले?"

"वीस," त्याची बायको साक्षी दारातून म्हणाली. "दुधाच्या स्पर्धेसाठी रोज तीस लिटर काढत्यात. खाणं कधीच सुटलंय तिचं."

"तू गप!"

अस्मितांचाही आवाज चढला. "विषाणू अंगात शिरला की त्याच्याशी लढणाऱ्या पेशींना एरवीपेक्षा जास्त साखर लागते. हिची साखर तुम्ही दुधात काढून घेतलीत. आता शरीर नुसती चरबी जाळतंय. लशीनं तयार केलेल्या पेशी उपाशी लढणार कशा?"

"मला शाळा शिकवू नगा. चला, निघा!"

त्याला न जुमानता अस्मितांनी गाईला शिरेतून ग्लुकोज सोडलं, तरी संध्याकाळी चांदणी गेली. व्हिडिओ गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी दोन घरांनी अस्मितांच्या तोंडावर दारं लावली. एका म्हातारीनं तर त्यांच्या गाडीवर शेणपाणी ओतलं.

चौथ्या दिवशी साक्षीचा फोन आला. दुसरी गाय काजळ, आठवड्यापूर्वी व्यायलेली, तापानं फणफणली होती. "ह्यांना न सांगता फोन केलाय."

"दूध निम्मंच काढा. अंगातली साखर वाढवणारं औषध पाठवते, रोज दोन वेळा पाजा. हिरवा मका पुढ्यात ठेवा, आणि खाते का ते बघत राहा."

दूध घटल्याचं कळल्यावर विजयसिंहनं बादली लाथाडली. साक्षी गाईच्या पुढ्यात उभी राहिली. "हात लावून तर बघा तिला!"

तो शिव्या देत बाहेर गेला. काजळला गाठी आल्या, पण तिचा चारा सुटला नाही. तीन आठवड्यांत ती सावरली.

पुढं डेअरीसमोर अस्मितांनी त्याला गाठलं. "तो व्हिडिओ काढून टाका आता."

"न्हाय काढत, जावा," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडं न बघता गाडीला किक मारून निघून गेला.